डोंगरवाटेवरील साप

कुक्षीहून कोणत्याही दिशेस निघावे, थोड्याच वेळात डोंगर सामोरा येतो. उत्तरेस विंध्याद्रीचे उतार आहेत. दक्षिणेस नर्मदा ओलांडून बडवानी मागे टाकली की सातपुड्याची भिंत उभी राहते. बाघची लेणी विंध्याच्या कुशीत, तर बावनगजाची चौऱ्याऐंशी फुटी आदिनाथमूर्ती सातपुड्याच्या चुलगिरीवर. साहजिकच आमच्या सहली याच दोन वाटांनी जातात. आणि प्रत्येक सहलीच्या आदल्या दिवशी कोणी ना कोणी पालक आम्हांस बाजूला घेऊन, मुलांच्या कानी पडणार नाही अशा बेताने विचारतात, "गुरुजी, तिकडे साप फार असतात म्हणे?"

असतात. हे लपविण्यात काही अर्थ नाही. परंतु साप असतात एवढे कळून भागत नाही. ते कोठे असतात, कोणत्या वेळी असतात, आपण त्यांना दिसतो की नाही आणि दुर्दैवाने दंश झालाच तर पुढील दोन-तीन तास आपण कसे घालवितो, यावर सर्व काही अवलंबून आहे. या लेखाचा हेतू तेवढाच आहे.

मार्गशीर्षातील एका सकाळी आम्ही बाघ गावापासून बाघिनी नदीच्या काठाकाठाने लेण्यांकडे पायी चाललो होतो. आज लेण्यांपर्यंत चांगली सडक आहे. तथापि मुलांना रान दिसावे म्हणून आम्ही पायवाट धरली. वाट दाखविण्यास जवळच्या फलियातील एक वृद्ध भिल्ल गृहस्थ बरोबर होते. मुले त्यांना बाबा म्हणत. उन्हाचा पहिला कवडसा उतारावर पडला होता. आमचा एक विद्यार्थी चकचकीत गारगोट्या गोळा करीत पुढे चालला होता. एका चपट्या दगडाखाली त्याला काहीतरी चमकलेले दिसले आणि तो खाली वाकून हात घालणार, इतक्यात बाबा मोठ्याने ओरडले, "हात मागे घे!"

तेव्हा आम्हां सर्वांना तो आवाज ऐकू आला. तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत, किंवा लाकडावर बारीक करवत फिरावी, तसा. दगडाच्या कडेला, मातीशी रंग मिळालेला, वीत-दीड वीत लांबीचा एक साप अंगाची वेटोळी एकमेकांवर घाशीत बसला होता. ते फुरसे होते. मुलाचा हात आणि त्याचे तोंड यांत फार तर हातभर अंतर होते.

पाठीमागच्या दोघा-तिघांनी लगेच दगड उचलले. बाबांनी त्यांना नुसत्या हाताच्या खुणेने थांबविले व सर्वांना सावकाश चार पावले मागे घेतले. आवाज थांबला. मिनिटभराने फुरसे तिरप्या चालीने सरकत दगडाखाली दिसेनासे झाले. त्या मुलाचा हात मात्र पुढे बराच वेळ थरथरत होता, आणि त्याची थट्टा करण्याचे धैर्य त्या दिवशी कोणाही मित्रास झाले नाही.

त्या घटनेत फुरशाने काय केले ते नीट पाहण्यासारखे आहे. त्याने प्रथम पळ काढला नाही, कारण त्याला मागे जागा नव्हती. त्याने दंशही केला नाही. त्याच्या अंगावरील खवल्यांना बारीक दाते असतात. वेटोळी घासून त्याने इशारा दिला. असा इशारा बहुतेक साप आपापल्या परीने देतात. नाग फणा उभारतो. घोणस लोहाराच्या भात्याप्रमाणे दीर्घ फूत्कार टाकते, तो वीस पावलांवरूनही ऐकू येतो. विष ही सापाची भक्ष्य मिळविण्याची पुंजी आहे. जो प्राणी गिळता येत नाही, त्याच्यावर ती खर्च करणे त्याच्या हिताचे नसते. पाय अंगावर पडला, हात अंगाशी आला, किंवा कोंडी झाली, तरच तो नाइलाजाने दंश करतो. १९८० साली पुण्यात नीलिमकुमार खैरे हे बहात्तर साप असलेल्या काचेच्या खोलीत बहात्तर तास राहिले, ते हेच लोकांस पटावे म्हणून. (मुलांनो, खैरे यांचा सापांचा अभ्यास अनेक वर्षांचा होता. तुमचा नाही. त्यांच्या धाडसाचे अनुकरण करण्याचा विचारही मनात आणू नका.)

साप आपणास कसा ओळखतो, हेही जाणून घेतले पाहिजे. त्याला बाहेरचा कान नाही व पापणीही नाही. जमिनीला टेकलेल्या जबड्यावाटे तो पावलांचा कंप अंतःकर्णापर्यंत पोहोचवितो. त्याची दुभंगलेली जीभ ही दंशाचे हत्यार नसून गंध गोळा करण्याचे साधन आहे. हवेतील सूक्ष्म कण ती टाळूतील एका विशेष इंद्रियाकडे नेते. म्हणून जाड तळव्याचे बूट आपटीत, हातातील काठी वाटेवर टेकीत चालणाऱ्याची वर्दी सापाला आधी मिळते व तो बहुधा निघून जातो. दबक्या पावलांनी अनवाणी चालणाऱ्याची वर्दी उशिरा मिळते. घोणस आणि फुरसे ही तर वर्दी मिळूनही पुष्कळदा जागची हलत नाहीत, आपल्या रंगावर विसंबून पडून राहतात. तेथे काठी आणि डोळे हेच आपले रक्षक.

वेळेचा विचारही महत्त्वाचा आहे. सापाच्या अंगात आपल्याप्रमाणे स्वतःची ऊब निर्माण होत नाही. तो ती उन्हातून व तापलेल्या दगडांतून घेतो. म्हणून थंडीच्या दिवसांत सकाळी तो वाटेवर, कातळावर, पायऱ्यांवर ऊन खात पडलेला आढळतो. वैशाखात दिवसा तो बिळात असतो व अंधार पडल्यावर बाहेर येतो. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरते, बेडूक व उंदीर बाहेर पडतात, गवत वाढते. तेव्हा माणूस व साप यांची गाठ सर्वांत अधिक पडते. कुक्षीच्या लोकांनी याचे एक निराळे रूपही पाहिले आहे. २०१९ च्या पावसाळ्यात सरदार सरोवर प्रथमच पूर्ण भरले व निसरपूर, चिखलदा या गावांत नर्मदेचे पाणी चढले. पाणी चढू लागले म्हणजे उंचवटा शोधणारा प्राणी केवळ माणूसच नसतो.

आता ओळखीचा प्रश्न. भारतात सापांच्या तीनशेहून अधिक जाती आहेत. त्यांपैकी साठच्या आसपास विषारी. परंतु आपल्याकडील बहुतेक मृत्यू नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांमुळेच होतात. सह्याद्रीच्या रानात झाडाझुडपांवर हिरवा चापडाही असतो. हाताने फांद्या बाजूस सारीत चालणाऱ्यांनी त्याची आठवण ठेवावी. धामण, दिवड, तस्कर, नानेटी, कवड्या, मांडूळ, अजगर हे सर्व बिनविषारी. नावे पाठ करणे सोपे आहे. खरी अडचण सोंगांची आहे. कवड्या आणि मण्यार या दोघांच्याही काळसर अंगावर पांढरे पट्टे असतात. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होऊन शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे डोक्यामागे काही अंतर सोडून सुरू होतात व शेपटीकडे अधिक ठळक होतात. परंतु रात्री कंदिलाच्या उजेडात हा भेद कोण पाहणार? घोणशीला अजगराचे पिल्लू समजून हातात उचलणारे लोक आहेत, आणि त्यांपैकी काहींची ही शेवटचीच चूक ठरली आहे. म्हणून आमचा नियम असा की, ओळख पटो वा न पटो, अंतर तेवढेच ठेवावयाचे. साप आपल्या लांबीच्या निम्म्यापर्यंत झेप घेऊ शकतो. आपण दोन माणसांच्या उंचीइतके दूर राहिलो तर त्याला व आपणांस दोघांनाही निवांत वाटते.

घाईने ठरविलेली ओळख पंडितांचीही फसते. आपल्या बाघ-कुक्षी परिसरात डायनासोरांची अंडी सापडतात, हे तुम्ही जाणताच. धार जिल्ह्यातील अशी ब्याण्णव घरटी व त्यांतील दोनशे छप्पन्न अंडी यांचा वृत्तान्त २०२३ साली प्रसिद्ध झाला. पाडल्या गावी तर हे वाटोळे गोटे कुलदैवत म्हणून पुजले जात असत. याच प्रकारच्या खडकांत, गुजरातेतील ढोली डुंगरी येथे, नागपूरचे भूशास्त्रज्ञ धनंजय मोहबे यांना १९८० नंतरच्या दशकात एक घरटे मिळाले. अंड्यांशेजारची बारीक हाडे डायनासोरच्या पिलाची असावीत, असा प्रथम समज झाला. पुढे २००१ साली जेफ्री विल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञाने ती हाडे पाहिली, आणि त्यांतील मणके सापाचे असल्याचे त्याच्या ध्यानी आले. सुमारे साडेतीन मीटर लांबीचा तो साप फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घालून बसला असताना चिखलाखाली गाडला गेला होता, सहा कोटी सत्तर लाख वर्षांपूर्वी. २०१० साली त्याचे 'सनाजे' असे नामकरण झाले. आमच्या मुलांनी हे ऐकले तेव्हा एकाने विचारले, "म्हणजे ही वाट आधी त्यांची होती?" प्रश्न बिनतोड होता.

दुपारी लेण्यांच्या सावलीत शिदोऱ्या सोडल्या. लेण्यांत भिंतींवरील चित्रे फार थोडी उरली आहेत. त्या दिवशी मुलांचे लक्षही तिकडे नव्हते. ती बाबांभोवती बसली. बाबा स्वतः बडवा आहेत, म्हणजे त्यांच्या फलियात आजारपणात मंत्र व झाडपाला करणारे. सापाचा मंत्र येतो का, असे एकाने विचारले. बाबा म्हणाले, "येतो. वडिलांनी शिकविला." मग थोडा वेळ थांबून त्यांनी आपल्या घरची हकीकत सांगितली. ती आम्ही जशी ऐकली तशी देतो.

बऱ्याच वर्षांमागे, श्रावणात, त्यांचा नातू रात्री जमिनीवर निजला होता. पहाटे उठून पोटात दुखते म्हणू लागला. अंगावर जखम नाही, रक्त नाही, सूज नाही. पोट बिघडले असे घरात ठरले. थोड्या वेळाने त्याच्या पापण्या मिटू लागल्या, बोलणे जड झाले, पाणी गिळवेना. तेव्हा बाबांनी ओळखले आणि मंत्र सुरू केला. घरात एवढा मोठा बडवा असताना मुलाला दुसरीकडे नेण्याचे कोणाच्या मनात आले नाही. दिवस वर येईपर्यंत मुलाचा श्वास थांबला. गोधडी झाडली तेव्हा तिच्या घडीतून मण्यार बाहेर पडली.

मण्यारीची रीत हीच आहे. ती निशाचर, उंदीर, पाली किंवा दुसरे साप शोधीत घरात येते व भुईवर निजलेल्याच्या अंथरुणात शिरते. तिचे दात इतके बारीक असतात की दंश पुष्कळदा जाणवतही नाही. विष मज्जातंतूंवर काम करते. प्रथम पापण्या, मग गिळणे, अखेरीस छातीचे स्नायू. नागाचे विषही मुख्यतः याच जातीचे, मात्र तेथे वेदना व सूज असते. घोणस व फुरसे यांचे विष रक्त गोठण्याची शक्ती नाहीशी करते, आणि घोणस मूत्रपिंडेही निकामी करते. म्हणून पावसाळ्याच्या पहाटे एखादे धडधाकट मूल पोटात दुखते म्हणत उठले व त्याच्या पापण्या जड दिसल्या, तर जखम शोधीत बसू नये.

बाबांच्या कुटुंबात पुढे आणखी एकदा दंश झाला. सुनेच्या पायाला शेतात घोणशीने धरले. "तेव्हाही मंत्र म्हटला," बाबा म्हणाले, "पण मोटारसायकलवर मागे बसून, तिला मध्ये धरून. दवाखान्याच्या दारापर्यंत म्हणत होतो. आता जो कोणी माझ्याकडे येतो त्याला तसेच घेऊन जातो." सून वाचली. आम्हांला वाटते, आजवर ऐकलेल्या सर्व आरोग्यविषयक व्याख्यानांत एवढे परिणामकारक दुसरे नसेल. मंत्राने लोक बरे झाल्याचे दाखले खोटे नसतात. कारण चावणारे बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही कधी कधी विष न सोडता नुसताच चावतो. त्या सर्वांचे श्रेय मंत्रास मिळते. उरलेल्यांचे मृत्यू मात्र नशिबाच्या खाती मांडले जातात. ही मांडणी किती मोठी आहे ते २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखविले. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, म्हणजे दर वर्षी सरासरी अठ्ठावन्न हजार. त्यांत पंधरा वर्षांखालील मुले चतुर्थांशाहून अधिक होती. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या काळातील. आणि ज्या राज्यांवर हा भार अधिक आहे त्यांत आपला मध्य प्रदेश आहे.

दवाखान्यात जे औषध मिळते ते प्रतिविष होय. लोक त्याला सापाची लस म्हणतात. त्याचा जन्मही एका पुरातूनच झाला. १८९१ साली सायगावच्या मुलखात पुरामुळे नाग एका गावात शिरले व अनेकांना दंश झाले. तेथे काम करणाऱ्या आल्बेर कालमेत या फ्रेंच डॉक्टरने त्यावरून सर्पविषाचा अभ्यास आरंभिला व १८९४ च्या सुमारास प्राण्यांच्या रक्तातून पहिले प्रतिविष तयार केले. (तुमच्या दंडावरील बी.सी.जी.च्या टोचणीतील 'सी' म्हणजे हेच कालमेत.) रीत आजही तीच आहे. घोड्यास विषाची अगदी अल्प मात्रा टोचावयाची, ती हळूहळू वाढवावयाची, आणि त्याच्या रक्तात जी प्रतिकारद्रव्ये तयार होतात ती वेगळी काढून शुद्ध करावयाची. मुंबईत परळला हाफकिन संस्थेत हे कार्य अनेक दशके झाले. आपल्या देशातील प्रतिविष चारही मुख्य सापांवर एकत्रित चालते. म्हणून साप मारून डॉक्टरांकडे नेण्याची गरज नाही, त्याच्या मागे धावण्यात दुसरा दंश मात्र होऊ शकतो. दहा मिलिलिटरच्या आठ-दहा कुप्या आरंभीच द्याव्या लागतात. मुलाला मात्रा कमी नसते, कारण सापाने विष देताना वय पाहिलेले नसते. शासकीय रुग्णालयात हे औषध विनामूल्य मिळते. रक्ताचे विष ओळखण्याची कसोटी तर शाळेच्या प्रयोगशाळेत शोभावी इतकी साधी: कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन ती वीस मिनिटे न हलविता ठेवावी; मग कलती करावी. रक्त पातळच राहिले, तर घोणस अथवा फुरशाचे विष अंगात भिनले आहे.

रानात दंश झाल्यास तेथून रुग्णालयापर्यंत काय करावे, याचा सराव आम्ही त्याच दुपारी लेण्यांसमोर करविला. एकाला रोगी केले. त्याला धीर देऊन आडवे निजविले. अंगठी, घड्याळ, बूट काढले, कारण सूज आल्यावर ते रुततात. पाय दोन काठ्यांमध्ये धरून उपरण्याने बांधला, मोडलेले हाड बांधतात तसा, रक्त अडणार नाही इतपत सैल. दोरीचा करकचून आवळ दिला नाही. त्याने विष थांबत नाही, अवयव मात्र सडतो. पात्याने चीर दिली नाही, तोंडाने चोखले नाही, बर्फ, मिरची, तूप, दारू यांपैकी काही दिले नाही. रोग्याला एक पाऊलही चालू न देता चौघांनी चादरीच्या झोळीतून उचलले, दंशाची वेळ एकाने लिहून घेतली, आणि दुसऱ्याने १०८ क्रमांकास दूरध्वनी करण्याचा अभिनय केला. तो अभिनयच होता, कारण लेण्यांपाशी दूरध्वनीस संकेत मिळत नव्हता. ही उणीव ध्यानी आली हे बरे झाले. यापुढे सहलीस निघताना वाटेवर संकेत कोठवर मिळतो आणि मोटार कोठवर येते, हे आधी पाहून ठेवण्याचे ठरले आहे. झोळीतील रोगी वाटेत एकदा खाली सांडला, हेही प्रांजळपणे नमूद करतो.

एका मुलाने विचारले, फुरसे मारले असते तर काय बिघडले असते? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापांना संरक्षण दिले आहे, हे एक उत्तर. पण दुसरे उत्तर आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते. इंग्रजी अमदानीत रत्नागिरी जिल्ह्यात फुरशी मारणाऱ्यांना सरकारी बक्षिसे मिळत, आणि लोकांनी ती मोठ्या संख्येने मारून आणली. तेथे फुरसे आजही आहे. शिवाय साप मारावयास जो जवळ जातो, तोच दंशाच्या टप्प्यात येतो. दगड उचललेल्या आमच्या मुलांपैकी एकाच्या पायांत त्या वेळी नुसत्या चपला होत्या.

संध्याकाळी त्याच वाटेने परतलो. तो चपटा दगड जागच्या जागी होता. सकाळचा मुलगा आता सर्वांच्या पुढे होता. बाबांनी त्याला आपली काठी दिली होती. दगडापासून दहा पावलांवर तो थांबला, काठी दोनदा जमिनीवर आपटली, थोडा वेळ पाहत राहिला, आणि वाट सोडून लांबून वळसा घालून गेला. मागच्या सर्वांनी त्याच वळशाने पावले टाकली. फुरसे दिसले नाही. गारगोट्या त्याने खिशातून काढून वाटेच्या कडेला कधी ठेवल्या, ते आम्हांस कळले नाही.